तोंड हुंगणारं गाव

दारूबंदी आली त्या वर्षांत आमच्या गावात दारू पिणारा माणूस एकच होता. बाकीचे नुसते चक्कर येऊन पडत. कुणाचं पित्त खवळे, कुणाला ऊन लागे. पाटलांच्या धाकट्या भावाला तर भर पौषात ऊन लागायचं. पिणारा असा एकटा ग्यानबा, कारण प्यायलो की 'प्यायलो' म्हणून सांगणारा तो एकटाच होता.

गावाचं नाव सांगत नाही. चिंचवडच्या पलीकडे, पवनेच्या काठाला आहे, एवढं पुरे. तिथली निम्मी माणसं अजून हयात आहेत आणि सगळीच्या सगळी भांडकुदळ आहेत. आमचे हे तिथं शाळामास्तर होते. लग्न होऊन मी पुण्याच्या पेठेतून थेट त्या गावात येऊन पडले. शाळेला धड छप्पर नव्हतं, तिथं मास्तरला घर कुठलं? ग्यानबानं आपल्या घराच्या दोन खोल्या आम्हांला दिल्या. मध्ये कुडाची भिंत. भिंतीला कान असतात म्हणतात. कुडाची भिंत म्हणजे नुसता कानच. त्यामुळे ग्यानबाबद्दल मी जे सांगते आहे ते चावडीवरचं ऐकीव नाही.

अंगानं उंच, हाडापेरानं दणकट, मिशा नीट कातरलेल्या. लढाईत इटलीपर्यंत जाऊन आलेला. गाव त्याला 'फौजी' म्हणे आणि म्हणताना डोळा मारी. नांगर धरतानाही पायात पलटणीतले बूट. संध्याकाळी ते पुसून, तेलाचं बोट फिरवून, टाचा जुळवून भिंतीशी ठेवायचा. बाकी घरात दुसऱ्या कशाचा तोरा नव्हता. जेवायला बसला की पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मधल्या ओळीत कधी बसला नाही. एकदा मानाचं म्हणून त्याला मांडवाच्या मध्यावर पाट मांडला, तर हा पाट उचलून कुडापाशी गेला. वाढप्यांनी हसून घेतलं. हसायला आमच्या गावाला फारसं काही लागत नसे.

घरात एखादं भांडं पडलं की ग्यानबा हातातला घास तसाच ताटात ठेवून उठायचा. कुणावर ओरडायचा नाही. बायकोकडे, म्हणजे सोनाकडे बघून म्हणायचा, "जरा आवाज कमी करून येतो." आणि नदीकडे चालू लागायचा. पिण्याला त्यानं दुसरा शब्दच वापरला नाही. आमच्या मास्तरांना ही भाषा शुद्ध वाटेना. एकदा ओट्यावर बसून त्यांनी त्याला समजावलं, "ग्यानबा, दारूनं माणसाचा आवाज कमी होत नाही, वाढतो."

"तुमचा वाढत आसंल, गुरुजी," ग्यानबा म्हणाला. "माझा आतला हाय."

मास्तरांनी हे मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही.

हातभट्टी नदीच्या बाजूला बाभळीच्या दाटीत होती. बाभळी पाटलांच्या. पोलीस धाड घालायला यायचे ते आधी पाटलांच्या ओसरीवर चहा घ्यायचे, मग भट्टीवर जायचे, आणि तिथं थंड चुलीखेरीज काही सापडलं नाही म्हणून हळहळत परतायचे. संध्याकाळी त्याच बाभळीत गावातले कर्ते पुरुष ग्यानबाला बुंध्याशी बसवून, त्याला पाजून, लढाई ऐकायला बसत. ग्यानबा सांगायचा ते एकच. तिकडं डोंगरात संत्र्याची झाडं होती. खाली सडा पडलेला असायचा आणि उचलायला कुणी नसायचं. बस्स. एवढं सांगून तो गप्प.

"आरं पर मारलं किती, त्ये सांग की!"

मग ग्यानबा उठायचा. पाजलेली वाया गेली म्हणून कर्ते पुरुष कुरकुरत घरी जायचे आणि रस्त्यात त्यांना ऊन लागायचं.

एकदा मात्र त्याच्या तोंडून निसटलं की पलटणीत तो मॉर्टरवर होता. निसटलं ते आमच्या मास्तरांसमोर, हे त्याचं दुर्दैव. मास्तरांनी कोश काढला. मॉर्टर म्हणजे उखळी तोफ. आपल्या भैरवनाथाच्या जत्रेला पालखी निघताना जमिनीत पुरलेली लोखंडी उखळं ठासून उडवतात ना, त्याच जातीचं! हा शोध त्यांनी दुसऱ्या दिवशी चावडीवर सांगितला. इतका आनंद त्यांना मुलगा झाला तेव्हाही झाला नव्हता.

त्या दिवसांत पिंपरीकडच्या माळावर कारखान्यांसाठी पाये खणायला सुरुवात झाली होती. माळ खडकाळ, म्हणून सुरुंग लावत. ग्यानबा एका कंत्राटदाराकडे पहाऱ्यावर लागला. पलटणीतला माणूस, पाठ ताठ, कंत्राटदार खूश. ग्यानबानं त्याच्याकडे एकच मागणी केली: सुरुंग कधी उडवणार ते आधी सांगत जा. कंत्राटदाराला वाटलं, माणूस जबाबदार आहे. पुढे कळलं की सांगितल्यावर तो आधी पिऊन येतो आणि मग सुरुंग उडेपर्यंत काठी धरून पुतळ्यासारखा उभा राहतो. काढून टाकला. 'धोक्याच्या वेळीच पितो,' असं कंत्राटदार म्हणाला. एवढं अचूक निदान करूनही त्या शहाण्याच्या डोक्यात पुढचा प्रश्न आला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

मग गावात दारूबंदी मंडळ निघालं. अध्यक्ष पाटील, ज्यांच्या बाभळीत भट्टी. चिटणीस आमचे मास्तर. आणि पावित्र्यासाठी देवळातले बुवा. मंडळाचं काम म्हणजे दिवेलागणीला चावडीपाशी माणसं उभी करायची आणि त्यांची तोंडं हुंगायची. पाटलांच्या स्वतःच्या तोंडालाच एवढा दरवळ की समोरच्याचा त्यांना येणार कसा? बुवांना तपकिरीपायी कसलाच वास येत नसे. म्हणून हुंगण्याचं काम आमच्या ह्यांच्याकडे आलं. घरात दूध उतू जाऊन करपलं तरी ज्या नाकाला पत्ता लागत नसे, ते नाक पंचक्रोशीत नावाजलं. कुणाचं हुंगायचं आणि कुणाच्या वेळी पडसं झालेलं असायचं, हे मात्र त्या नाकाला बरोबर कळे. ग्यानबाच्या वेळी ते कधी चोंदलं नाही.

शेवटी सोनाचा भाऊ खेडहून आला. सरळमार्गी, माळकरी शेतकरी. ओट्यावर बसून त्यानं बहिणीच्या नवऱ्याला सुनावलं, "दाजी, फुडल्या खेपंला प्यालेलं दिसलात, की म्या सोनीला आन् पोरीला घिऊन जानार. मग ऱ्हावा हितं एकलं." दसरा झाल्यावर एके सकाळी नवराबायको देहूला गेली आणि येताना ग्यानबाच्या गळ्यात तुळशीची माळ होती. आमच्याकडे माळ म्हणजे साधी गोष्ट नाही. माळ घातली की सुटलं ते सुटलं, आणि मोडली तर माणूस गावातून उठला.

ग्यानबानं माळ पाळली. हे मी छातीठोक सांगते. थेंबाला शिवला नाही. मंडळानं आपली पाठ थोपटून घेतली, मास्तरांनी तालुक्याला कळवलं, बुवांनी कीर्तनात दृष्टांत म्हणून त्याला उभा केला. आणि कुडाच्या ह्या बाजूला मी ऐकत होते. पहिल्यांदा त्याचे हातपाय इतके कापायचे की पाण्याचा तांब्या दातांवर वाजायचा. ते थांबलं. पण झोप गेली ती गेलीच. डोळा लागला की कुणाला तरी नावानं हाका मारत उठायचा. मग झोपायचंच नाही असं त्यानं ठरवलं. परसात कुदळ घेऊन चर खणायचा, छातीइतका खोल, कडा दोरी लावल्यासारख्या सरळ. दिवस उजाडला की सोना तो बुजवायची, लोकांनी बघू नये म्हणून. पडवळाचा वेल त्यात दोनदा गाडला गेला. मी विचारलं तर परसाकडे न बघताच म्हणाली, "बाई, पीत हुतं तवा घोरत तरी हुतं."

पोर त्याच्याजवळ जायला भिऊ लागली. प्यायलेल्या बापाच्या मांडीवर ती खुशाल झोपायची. आता बाप शुद्धीत होता आणि ती माझ्या घरात येऊन बसायची.

हे सगळं चालू असताना गावाला ग्यानबाचं कौतुक करायची हुक्की आली. चैत्रातली जत्रा तोंडावर होती. देवळासमोर बैठक बसली आणि पाटलांनी जाहीर केलं की सुधारलेल्या माणसाचा सन्मान म्हणून यंदा उखळं उडवायचा मान ग्यानबाला. मास्तरांचा शोध असा कामी आला. उखळ उडवणारा बिनपिता पाहिजे, ही देवाची अट. ग्यानबा बिनपिता. उखळाची माहिती पाहिजे. ग्यानबाची तर त्यात हयात गेली. गावाला वाटलं, सोन्याला सुगंध आला.

"मला नगं, पाटील," ग्यानबा म्हणाला. "दुसरं कायबी सांगा. पालखी वाहीन, भांडी घाशीन."

बैठक गार पडली. आमच्याकडे माणूस कर्ज नाकारेल, औषध नाकारेल, पोटची पोरगी नाकारेल. मान नाकारत नाही. मान नाकारणं म्हणजे देवाला आणि गावाला एकदमच थोबाडीत मारणं. कुणीतरी मागून बोललं, "न्हाई म्हनतोय? बगा, परत लागलाय वाटतं." जत्रेसाठी आलेला सोनाचा भाऊ तिथंच बसला होता. त्यानं मान खाली घातली. ग्यानबानं त्याच्याकडे पाहिलं, गळ्यातल्या माळेला हात लावला आणि म्हणाला, "बरं. उडिवतो."

सोना धावत माझ्याकडे आली. दळण तसंच टाकून आली होती, कोपरापर्यंत पीठ. "बाई, गुरुजींना सांगा की. त्येंचं आयकत्याल समदी."

"एवढं काय झालं? पेटवायचं आणि बाजूला व्हायचं."

तेव्हा तिनं मला सांगितलं. कधीकाळी दारूच्या गुंगीत त्यानं तिला सांगितलेलं. लढाईत तोफेच्या नळीत वरून गोळा सोडायचं काम त्याचं. एक गोळा नळीतच फुटला. दोघंजण नळी धरून बसले होते, एक साताऱ्याकडचा, एक जुन्नरचा. ग्यानबा तेवढ्यात मागं वळला होता, पुढचा गोळा उचलायला. वळून बघितलं तर तिथं कुणी नव्हतं. "गोळा ह्येंनीच सोडला व्हता, बाई. ह्येंच्या हातानं."

मी मास्तरांना सांगितलं, शब्दन् शब्द सांगितला. ते वर्तमानपत्र खाली न घेता म्हणाले, "अगं, माशाला का पाण्याचं भय दाखवायचं? सवयीचं काम आहे त्याचं. उलट बरं वाटेल त्याला." एवढं शिकून माणसाला असं बोलता येतं. मला वाटतं, शिकल्याशिवाय येणारच नाही.

जत्रेच्या दिवशी चौथ्या प्रहराला पालखी देवळाबाहेर आली. पिंपळाखाली उखळं ओळीनं पुरलेली, वर विटांचा चुरा ठासलेला. ग्यानबा धुतलेला सदरा घालून, बूट घालून, लांब बांबूला बांधलेला पलिता घेऊन उभा. मी बायकांत होते. त्याच्या तोंडाला रंग नव्हता, पण हात हलत नव्हता. पाटील मानकऱ्यांसह दहा पावलांवर, शेजारी आमचे मास्तर. ढोल थांबले. ग्यानबानं पहिलं उखळ पेटवलं. दणका बसला, पिंपळावरची पाखरं उडाली, गुलाल उधळला, पोरांनी आरोळी ठोकली. ग्यानबा तसाच ताठ उभा. मला वाटलं, सुटला.

त्यानं दुसरं पेटवलं. आणि ते उडायच्या आधीच पलिता फेकून तो धावला. पळाला नाही, लक्षात घ्या. धावला तो माणसांकडे. एका हाती पाटील, दुसऱ्या हाती आमचे मास्तर, दोघांना धरून त्यानं देवळाशेजारच्या चरात लोटलं आणि वर स्वतः पालथा पडला. "लेट जाओ! सिर नीचे!" असं जीव तोडून ओरडत होता. दुसरं उखळ उडालं. धूर विरला तेव्हा पाटलांचा फेटा सांडपाण्यात होता आणि सगळी जत्रा पोट धरून हसत होती.

ग्यानबा उठून बसला. पाटलांचे हात, पाय, डोकं चाचपून बघत विचारत होता, "लागलं न्हाई न्हवं? कुटं लागलं न्हाई न्हवं?"

पाटलांनी त्याचा हात झिडकारला. "प्यालाय! देवाच्या दारात प्यालाय! गुरुजी, हुंगा त्येचं त्वांड!"

मास्तर चिखलानं माखलेले होते, पण कर्तव्याला चुकले नाहीत. पुढे झाले. ग्यानबानं स्वतःहून तोंड उघडलं, शाळेतल्या पोरासारखं. मास्तरांनी हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग बारीक आवाजात म्हणाले, "वास येत नाही."

"येत न्हाई म्हंजी? नीट हुंगा!"

सोनाचा भाऊ गर्दीतून पुढे येऊन उभा होता. त्या घटकेला आमच्या मास्तरांनी फक्त एवढंच म्हणायचं होतं की हा माणूस प्यायलेला नाही. त्यांना ते माहीत होतं. का प्यायला नाही आणि तरी असं का केलं, हेही त्यांना मी सांगितलेलं होतं. ग्यानबाचं सगळं घर त्या एका वाक्यावर टांगलं होतं. मास्तरांनी पाटलांकडे पाहिलं, आपल्या धोतराच्या चिखलाकडे पाहिलं, आणि घसा खाकरून म्हणाले, "मिलिटरीत बिनवासाची मिळते, असं ऐकून आहे."

गावाला ते पटलं. अडाणी माणसाला पटायला फार कारण लागत नाही, आणि शहाण्याला तर लागतच नाही. बुवांनी ग्यानबाच्या गळ्यातली माळ तिथंच तोडली. मणी धुळीत पसरले. माझ्या नवऱ्याची मला त्या दिवशी जी शिसारी आली ती पुढे पुष्कळ वर्षं संसार करूनही गेली नाही, आणि मीही ती घालवण्याचा कधी खटाटोप केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनाचा भाऊ गाडी जुंपून दारात आला. सोनानं पोरीला कडेवर घेतलं होतं. ती गाडीत चढली नाही.

"दादा, ह्यो मानूस प्याला न्हवता," ती म्हणाली. "प्याला असता तर उखाळ नीट उडिवलं असतं."

भाऊ जोखडाशी चाळा करत उभा राहिला, मग रिकामी गाडी घेऊन गेला. पुन्हा आला नाही. आणि त्याच संध्याकाळी, उजेड असताना, सगळ्यांच्या देखत, सोना हातात तांब्या घेऊन पाटलांच्या बाभळीत गेली. पदर डोक्यावरून नीट घेतलेला, चालीत घाई नाही. भट्टीवर बाई आली म्हटल्यावर कर्त्या पुरुषांचा केवढा गोंधळ उडाला! ज्यांनी आयुष्यात बायकोला एक धड लुगडं घेतलं नाही, ते स्त्रीजातीच्या अब्रूबद्दल बोलू लागले. मंडळाची तातडीची बैठक झाली. सोनानं कुणाकडे बघितलंही नाही. रोज जायची, आणायची, आपल्या हातानं मोजून वाटीत ओतायची, आणि ठरलेली झाली की तांब्या पालथा घालायची. ग्यानबा आणखी मागायचा नाही. परसातला चर बुजला तो कायमचा. कुडापलीकडून घोरणं ऐकू येऊ लागलं.

मी दारूची भलामण करत नाही. दारूनं त्याला खाल्लंच. दोन पावसाळ्यांत पाय सुजले, डोळे पिवळे पडले, बूट चढेनात. चिंचवडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "दारू सोडा." एकदा सोडून बघितलीय, असं सोनानं सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "मग मनाचा निर्धार कमी पडला." निर्धार! त्या माणसाच्या निर्धारातून चिमूटभर उधार मिळाला असता तर ह्या डॉक्टराचं, आमच्या मास्तरांचं आणि सगळ्या मंडळाचं कल्याण झालं असतं. ग्यानबाला नुसता उपदेश करायला डझनभर माणसं होती. विचारायला एक नव्हता.

आमची बदली झाली, चाकणच्या बाजूला. भर दुपारी सामान न्यायला बैलगाडी आली. ग्यानबा ओट्यावर उताणा झोपला होता. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या, तोंड उघडं. अंगावर माशी बसू नये म्हणून सोना पदरानं वारा घालत होती. गाडीवानानं सणाचे म्हणून बैलांच्या गळ्यात घुंगरांचे नवे चाळ घातले होते. बैलांनी माना हलवल्या की खणखणाट व्हायचा. सामान चढवत असतानाच एकदा तो खणखणाट झाला आणि झोपेतच ग्यानबाची बोटं आवळली.

मास्तर गाडीत चढता चढता म्हणाले, "भर दुपारी झिंगून पडलाय. बघ, ह्याला म्हणतात—"

"गुरुजी," सोना म्हणाली. आवाज चढवला नाही. "दोन वरसांनी दिवसाची झोप लागलीया त्येंला. गप ऱ्हावा."

ती ओट्यावरून उतरली. दोन्ही बैलांच्या मधे, जोखडाखाली शिरली आणि दोघांचे चाळ दोन मुठींत गच्च धरले. गाडीवानाला मानेनंच खूण केली, हाक. गाडी हलली. सोना बैलांच्या मधून, पाय चुकवत, वाकून चालत होती. चाळांच्या कडा तिच्या बोटांत रुतत होत्या. घर मागं पडलं, पार मागं पडला. ओढ्याच्या उताराशी आल्यावर तिनं मुठी सोडल्या, बाहेर आली, हाताला लागलेलं रक्त लुगड्याला पुसलं. माझ्याकडे पाहून म्हणाली, "जावा आता, बाई. आता वाजू द्या." आणि उन्हात भराभरा परत चालू लागली.